बुडबुड्यांनाही गाव असतं

डिसेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या लाल किल्ल्यात युनेस्कोची बैठक भरली होती. आपली दिवाळी जागतिक अमूर्त वारशाच्या यादीत गेली ती याच बैठकीत. त्या आनंदात दुसरी एक बातमी झाकून गेली. त्याच बैठकीत इटलीची खाद्यसंस्कृती, म्हणजे तिथल्या घराघरांतली रांधण्याची आणि एकत्र बसून जेवण्याची रीत, त्याच यादीत दाखल झाली.

मला हे आठवायचं कारण माझी भाची. एका लग्नाच्या रिसेप्शनहून आल्यावर तिने विचारलं, "मावशी, तिथे प्रोसेको होती. म्हणजे शॅम्पेनच ना? इटलीची, जरा स्वस्तातली?" प्रश्न अगदी रास्त होता, कारण आपल्याकडे बुडबुडे असलेल्या प्रत्येक वाइनला सर्रास शॅम्पेनच म्हणतात. पण तिला दोन वाक्यांत उत्तर देता येईना. ती वाइन कशी बनते ते सांगायचं तर नावाची भानगड मध्ये येत होती, नावाचं सांगायचं तर जेवणाचं ताट मध्ये येत होतं. म्हणून हा लेख. यातली एक गोष्ट जरी लक्षात राहिली तरी पुष्कळ झालं: फ्रान्सने बुडबुड्यांना समारंभात नेऊन बसवलं, इटलीने त्यांना रोजच्या जेवणात जागा दिली.

बुडबुडे येतात कुठून?

इडलीचं पीठ रात्री भिजवून ठेवलं की सकाळी पातेल्याच्या काठाशी येतं. पिठातले सूक्ष्मजीव साखर खातात आणि वायू सोडतात, त्या वायूने पीठ फुगतं. वाइनचंही तसंच आहे. द्राक्षाच्या रसात यीस्ट म्हणजे किण्व असतं. ते रसातली साखर खातं आणि बदल्यात दोन गोष्टी देतं: अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड. साध्या वाइनमध्ये हा वायू उघड्या पिंपातून उडून जातो. फेसाळ वाइन करायची तर त्याला उडू द्यायचं नाही, कोंडून ठेवायचं.

त्यासाठी तयार वाइनमध्ये पुन्हा थोडी साखर आणि यीस्ट घालून ती बंद करतात. या दुसऱ्या फेरीत तयार झालेल्या वायूला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून तो वाइनमध्येच विरघळतो. ७५० मिलिलिटरच्या बाटलीला साधारण चार चमचे साखर पुरते, आणि तेवढ्यावर आतला दाब जवळजवळ सहा वातावरणांइतका होतो. मोटारीच्या टायरमध्ये हवेचा दाब दोन-सव्वादोन असतो, त्यावरून अंदाज करा. म्हणून या बाटल्या जाड काचेच्या असतात, त्यांचा तळ आत दबलेला असतो आणि बुचाला तारेची जाळी बांधलेली असते.

लहानपणी जत्रेत प्यायलेला गोटी सोडा आठवतो ना? त्यात वायू यंत्राने बाहेरून भरलेला असतो. तो फस्सकन येतो आणि तितक्याच झटकन जातो. चांगल्या फेसाळ वाइनमधला वायू तिचा स्वतःचा असतो, आतच जन्मलेला. ग्लासात तळापासून वर चढत राहणारी बारीक मण्यांची माळ दिसते ती बऱ्याच अंशी त्यामुळे.

इटालियन भाषेत यासाठी दोन शब्द आहेत. भरपूर दाबाची ती 'स्पुमान्ते' आणि मंद, हलक्या बुडबुड्यांची ती 'फ्रिझान्ते'. बाटलीवर हे शब्द दिसले तर एवढाच अर्थ घ्यायचा.

बाटलीत की टाकीत?

दुसरी फेरी कुठे होते यावर वाइनचा अर्धा स्वभाव ठरतो.

एक रीत जुनी, खर्चिक आणि सबुरीची. प्रत्येक बाटलीत वेगळं किण्वन होतं. मेलेलं यीस्ट तळाशी साचतं आणि वाइन त्या गाळावर महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे पडून राहते. त्यातून तिला भाजलेल्या पावाचा, बदामाचा, लोण्याचा वास येतो. मग बाटल्या हळूहळू उलट्या करत गाळ बुचाशी आणायचा, बाटलीचं तोंड गोठवून तेवढा बर्फाचा गोळा उडवायचा आणि पुन्हा बूच लावायचं. शॅम्पेन अशीच बनते. इटलीत या रीतीला 'मेतोदो क्लासिको' म्हणतात.

दुसऱ्या रीतीत हेच सगळं एका मोठ्या बंद टाकीत होतं. बाटलीत भरतानाही दाब सुटू देत नाहीत. हे काही आठवड्यांत होतं आणि गाळाशी सहवास थोडा असल्यामुळे द्राक्षाचा मूळ वास टिकतो: हिरवं सफरचंद, नासपती, पांढरी फुलं. जगभर या पद्धतीला फ्रेंच माणसाच्या नावाने 'शार्मा' म्हणतात, कारण एझेन शार्माने १९०७ मध्ये ती सुधारून रूढ केली. पण तिचा पहिला शोध इटलीतल्या आस्ती शहरातला. तिथल्या सरकारी वाइन-संशोधन केंद्राचे प्रमुख फेदेरिको मार्तिनोत्ती यांनी १८९५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं होतं. म्हणून इटालियन माणूस आजही आवर्जून 'मार्तिनोत्ती पद्धत' म्हणतो, आणि मलाही तेच न्याय्य वाटतं.

इथे हमखास एक शंका येते: टाकीतली वाइन म्हणजे कमअस्सल ना? मला हे पटत नाही. मुरांब्याला मुरायला वेळ लागतो म्हणून ताजा आमरस कमी प्रतीचा ठरत नाही, दोन्हींकडून आपण वेगळं काही मागतो. ज्या द्राक्षाचं सौंदर्य त्याच्या ताज्या वासात आहे, ते तीन वर्षं गाळावर निजवलं तर आपण त्याचा जीवच घालवतो.

प्रोसेको: द्राक्ष, गाव की वाइन?

भाचीच्या प्रश्नाचा गाभा इथे आहे.

व्हेनिसच्या उत्तरेला, आल्प्सच्या पायथ्याशी, कोनेल्यानो आणि वाल्दोब्बियादेने ही दोन गावं आहेत. त्यांच्यामध्ये डुकराच्या पाठीसारख्या अरुंद, उभ्या टेकड्यांच्या रांगा पसरल्या आहेत. प्रोसेकोचं खरं माहेर हेच. २००९ पर्यंत 'प्रोसेको' हे द्राक्षाच्या जातीचंही नाव होतं, आणि तिथेच अडचण होती. द्राक्षाच्या जातीवर कुणाची मालकी नसते. उद्या ब्राझीलमध्ये किंवा ऑस्ट्रेलियात कुणी तीच जात लावली तर त्याला आपल्या बाटलीवर 'प्रोसेको' लिहायला कुणी अडवू शकत नव्हतं. ऑस्ट्रेलियातल्या किंग व्हॅलीत इटालियन स्थलांतरितांच्या कुटुंबांनी तेच केलं आणि मन लावून केलं. युरोपीय महासंघ आणि ऑस्ट्रेलिया यांच्या व्यापारचर्चेत हा शब्द वर्षानुवर्षे खटकत राहिला.

नावाला कायद्याचं संरक्षण हवं तर ते जागेचं नाव लागतं. मग जागा शोधली गेली, आणि ती होतीही. स्लोव्हेनियाच्या सीमेजवळ त्रिएस्ते शहराच्या बाहेर 'प्रोसेको' नावाचं एक छोटं गाव आहे, जुन्या काळी तिथल्या वाइनला नाव होतं. २००९ मध्ये दोन गोष्टी एकदम झाल्या. द्राक्षाचं नाव बदलून 'ग्लेरा' करण्यात आलं, हे त्याचंच एक जुनं नाव. आणि त्या गावाला कवेत घेईल असा मोठा प्रदेश आखण्यात आला: व्हेनेतो आणि फ्रिउली व्हेनेत्सिया जुलिया या दोन राज्यांतले नऊ जिल्हे. तेव्हाचे इटलीचे कृषिमंत्री लुका झाइया स्वतः कोनेल्यानोचे.

आता नियम असा: या नऊ जिल्ह्यांत पिकलेल्या, किमान ८५ टक्के ग्लेरा असलेल्या वाइनलाच युरोपात प्रोसेको म्हणता येतं. ती फेसाळ असेल तर काचेच्या बाटलीतच विकायची. डब्यात भरली किंवा नळातून ग्लासात ओतली तर आत तेच द्रव असलं तरी त्याला ते नाव लावता येत नाही. २०२० पासून गुलाबी प्रोसेकोलाही मान्यता आहे, तिच्यात थोडं लाल पिनो नेरो द्राक्ष असतं.

लेबलवर 'डीओसी' म्हणजे मोठ्या प्रदेशातली, सपाट जमिनीवरचीही. 'डीओसीजी' म्हणजे कोनेल्यानो-वाल्दोब्बियादेने किंवा आझोलोच्या टेकड्यांतली, अधिक कडक नियमांची. त्यातही 'कार्तित्से' असं लिहिलं असेल तर ती एका १०७ हेक्टरच्या चढावावरची. इतक्या उभ्या उतारावर यंत्र चालत नाही, तोडणी सगळी हाताने. दोर्‍या लावून द्राक्षांच्या पेट्या वर ओढाव्या लागतात अशा जागाही तिथे आहेत.

आज वर्षाला साठ कोटींहून जास्त बाटल्या प्रोसेको डीओसी बनते. संख्येत तिने शॅम्पेनला कधीच मागे टाकलं आहे.

पण एका नावासाठी एवढा आटापिटा कशाला?

हा प्रश्न कोकणातल्या बागायतदाराला विचारा. कर्नाटकातला आंबा रत्नागिरीच्या पेटीत भरून 'हापूस' म्हणून विकला जातो तेव्हा त्याच्या पोटात काय होतं, ते तो सांगेल. आंबा वाईट असतो असं त्याचंही म्हणणं नसतं. जांभ्या दगडाच्या कातळावर, खाऱ्या वाऱ्यात, पिढ्यान् पिढ्या राबून त्या नावाला जी पत मिळाली ती फुकट वापरली जाते, हे त्याचं दुखणं आहे. म्हणूनच कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, गोव्याच्या काजू फेणीला मिळालं, नाशिक व्हॅलीच्या वाइनला मिळालं.

आणि इटलीच्या बाबतीत तर आपल्याला याचा ताजा अनुभव आहे. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला कोल्हापूरचं नाव न घेता दाखवल्या, तेव्हा आपण सगळे पेटून उठलो. कंपनीला मान्य करावं लागलं की ही प्रेरणा भारतीय कारागिरांची. आपला तो राग आणि ग्लेरा पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा राग एकाच जातीचा आहे.

अर्थात या हट्टाची दुसरी बाजूही आहे. क्रोएशियाच्या दाल्मातिया किनाऱ्यावर 'प्रोशेक' नावाची गोड वाइन शेकडो वर्षं बनते. सुकवलेल्या द्राक्षांची, घट्टसर, जेवणानंतर घ्यायची, तिच्यात बुडबुडे नावालाही नसतात. तिच्या नावाला संरक्षण मागणारा क्रोएशियाचा अर्ज २०२१ मध्ये युरोपीय महासंघाने पुढे आणला तेव्हा इटलीने जोरदार विरोध केला, नाव प्रोसेकोसारखं ऐकू येतं म्हणून. मला इथे क्रोएशियाची बाजू बरोबर वाटते. आपलं नाव जपणं वेगळं, आणि शेजाऱ्याच्या आजीचं नाव आपल्या लेकीसारखं वाटतं म्हणून ते पुसायला सांगणं वेगळं.

शॅम्पेनच्या तोडीची वाइन इटलीत होत नाही का?

होते, पण तिचं नाव प्रोसेको नसतं.

लोम्बार्दीत ब्रेशा शहराजवळ इझेओ सरोवराच्या दक्षिणेला फ्रान्चाकोर्ता हा भाग आहे. १९५० च्या दशकात तिथले एक जमीनदार गुइदो बेर्लुक्की यांच्या साध्या पांढऱ्या वाइनमध्ये काही बिघाड होता. तो दुरुस्त करायला त्यांनी फ्रांको झिलियानी या तरुण तज्ज्ञाला बोलावलं. बोलणं झालं, आणि निघताना त्या तरुणाने विचारलं की आपण फ्रेंचांसारखी फेसाळ वाइन करून पाहिली तर? पहिले प्रयत्न फसले. १९६१ मध्ये ३,००० बाटल्या जमल्या. त्या धाडसातून आजचा सगळा फ्रान्चाकोर्ता उभा राहिला.

आजचे तिथले नियम पाहा. साध्यात साधी बाटली गाळावर किमान १८ महिने ठेवावी लागते. शॅम्पेनच्या साध्या बाटलीला बाटलीत भरल्यापासून १५ महिन्यांची अट आहे. एका वर्षाच्या द्राक्षांची खास फ्रान्चाकोर्ता ३० महिने, आणि 'रिझेर्वा' पाच वर्षं. 'सातेन' नावाचा तिथला एक प्रकार मुद्दाम कमी दाबाचा करतात, बुडबुडा जिभेला टोचत नाही, सायीसारखा पसरतो.

उत्तरेला डोंगरात त्रेंतो आहे. जुलियो फेरारी या माणसाने फ्रान्समध्ये शिकून येऊन १९०२ मध्ये तिथे शार्दोने द्राक्षावर फेसाळ वाइन सुरू केली. मोटारवाल्या फेरारीशी तिचा काही संबंध नाही. त्यांना मूलबाळ नव्हतं. १९५२ मध्ये त्यांनी आपला व्यवसाय विकला तो त्रेंतोमधल्या एका वाइन-दुकानदाराला, ब्रूनो लुनेल्ली यांना. तिथे दिवसा ऊन आणि रात्री डोंगरावरून उतरणारी थंडी यामुळे द्राक्षात आंबटपणा टिकतो. फेसाळ वाइनला हा आंबटपणाच तोलून धरतो.

मग या वाइन जगभर शॅम्पेनइतक्या गाजत का नाहीत? मुख्य कारण साधं आहे: इटालियन लोकच त्या पिऊन संपवतात. फ्रान्चाकोर्ताचा फार मोठा वाटा देशातच खपतो.

लाल आणि फेसाळ? आणि तीही जेवणाबरोबर?

लाम्ब्रुस्कोबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण अन्न आणि बुडबुडे यांचं नातं तिच्याइतकं उघडपणे दुसरीकडे दिसत नाही.

एमिलिया हा इटलीचा खवय्या प्रदेश. मोदेना, रेज्जो, पार्मा. पार्मेझान चीज इथलं, पार्मा हॅम इथलं, मांसाचं सारण भरून रश्श्यात सोडलेली तोर्तेल्लीनी इथली. स्वयंपाक तुपाऐवजी लोण्यात आणि डुकराच्या चरबीत होतो. 'ञोक्को फ्रित्तो' म्हणून एक पदार्थ करतात. चरबी घालून मळलेल्या कणकेचे चौकोन तळायचे, ते पुरीसारखे टम्म फुगतात. गरम गरम फोडायचे आणि आत पातळ कापलेलं हॅम ठेवायचं, की त्याची चरबी काचेसारखी पारदर्शक होऊन विरघळते. दोन घासांत तोंड तुपकट होतं. तिसरा घास सुखाने जावा म्हणून शेजारी ग्लासात थंडगार, जांभळी, वर गुलाबी फेस आलेली लाम्ब्रुस्को.

तळलेल्या सुरमईनंतर सोलकढी जे काम करते, तेच काम ही करते. आंबटपणा लाळ सुटायला मदत करतो, स्निग्धपणा कापतो. विरघळलेल्या वायूची झिणझिणी ही निव्वळ चव नसून जिभेला होणारा एक बारीकसा चिमटाही असतो, त्याने थकलेली जीभ जागी होते. आणि लाल द्राक्षाच्या सालीचा किंचित तुरटपणा, सुपारीसारखा, तोंड स्वच्छ करतो. तिन्ही गोष्टी एका घोटात. एमिलियातल्या माणसाने हे शास्त्र कुठे वाचलेलं नसतं. त्याला हॅमबरोबर लाम्ब्रुस्को लागते, जशी आपल्याला मसालेभाताबरोबर मठ्ठ्याची वाटी.

लाम्ब्रुस्को हे एका द्राक्षाचं नाव नसून एका मोठ्या कुटुंबाचं आहे. सोर्बाराची फिकट गुलाबी आणि चांगलीच आंबट. ग्रास्पारोस्साची गडद, भरदार. जुन्या रीतीने ती पांढऱ्या चिनीमातीच्या वाडग्यातूनही पितात. १९७० आणि ८० च्या दशकांत गोड, सरबतासारखी लाम्ब्रुस्को अमेरिकेत प्रचंड खपली आणि त्या गोडीने तिची अब्रू गेली. अजूनही कित्येक जण तिला हसतात. त्यांनी सोर्बाराची कोरडी बाटली चरबीदार जेवणाबरोबर एकदा घ्यावी.

'एक्स्ट्रा ड्राय' गोड कशी?

हा घोटाळा इतका सार्वत्रिक आहे की दुकानात उभ्या असलेल्या दहांपैकी नऊ जण त्यात फसावेत. वाइनच्या भाषेत 'ड्राय' म्हणजे अगोड. मग 'एक्स्ट्रा ड्राय' म्हणजे अगदीच अगोड, असं कुणीही समजेल. प्रत्यक्षात लिटरमागे १२ ग्रॅमपर्यंत साखर असेल तर 'ब्रूत', १२ ते १७ असेल तर 'एक्स्ट्रा ड्राय' आणि १७ ते ३२ असेल तर 'ड्राय'. म्हणजे फेसाळ वाइनवर 'ड्राय' लिहिलेली बाटली 'ब्रूत'पेक्षा गोड असते. ही नावं पडली तेव्हा लोक फारच गोड शॅम्पेन पीत, त्या मानाने हे कोरडं होतं. चव बदलली, शब्द राहिले. गोड नको असेल तर 'ब्रूत' किंवा 'एक्स्ट्रा ब्रूत' बघायचं, एवढं पुरे.

आणि गोड वाइन म्हणजे नवशिक्यांची, हा समजही सोडून द्यायला हवा. पिएमोंतेमधल्या आस्तीची मोस्कातो घ्या. तिथे दुसरी फेरी नसतेच. पहिलंच किण्वन चालू असताना वाइन गारठवून यीस्टला थांबवतात, त्यामुळे द्राक्षाची स्वतःची साखर शिल्लक राहते आणि अल्कोहोल कमी, 'मोस्कातो द'आस्ती'मध्ये पाच टक्क्यांच्या आसपासच. १८६५ मध्ये कार्लो गांचा यांनी कानेल्ली गावात मोस्कातोची फेसाळ वाइन सुरू केली. त्या गावाखाली खडकात खोदलेली विटांच्या कमानींची लांबच लांब तळघरं आहेत. लोक त्यांना 'जमिनीखालची कॅथेड्रलं' म्हणतात, आणि २०१४ पासून ती जागतिक वारशात आहेत.

नाताळात मिलानचा मनुका घातलेला फुगीर गोड पाव, पानेत्तोने, कापला जातो तेव्हा शेजारी ही हवी. कोरडी ब्रूत नको. जिलेबी खाऊन वर चहा प्यायला की चहा अगोड आणि कडू लागतो, हे आपल्याला ठाऊक आहे. केकबरोबर ब्रूत वाइन दिली की तिचं तेच होतं. लग्नात केक कापताना नेमकी हीच चूक जगभर होते, आणि मग पाहुणे म्हणतात, वाइन आंबट होती.

संध्याकाळी सहा वाजता

व्हेनिसमध्ये 'बाकारो' नावाच्या अरुंद खोल्या असतात. उभ्याने प्यायचं, उभ्याने खायचं. काउंटरच्या काचेमागे छोट्या बशा: पावाच्या तुकड्यावर फेटून लोण्यासारखा केलेला खारवलेला कॉड मासा, उकडलेलं अंडं आणि खारवलेली मासळी, आणि 'सार्दे इन साओर'. हा शेवटचा पदार्थ कोकण्याला लगेच ओळखू येईल. तारली तळायची, व्हिनेगरमध्ये मऊ शिजवलेल्या भरपूर कांद्याच्या थरात बेदाण्यांसकट दडवायची आणि एक-दोन दिवस मुरू द्यायची. दर्यावर जाणाऱ्यांची टिकाऊ शिदोरी ही. तिच्या आंबटगोडाला प्रोसेकोचा एक छोटा ग्लास अगदी जोडीचा वाटतो.

जेवणाआधीच्या या वेळेला 'अपेरितीवो' म्हणतात. हेतू भूक उघडण्याचा असतो, नशेचा नसतो, म्हणून पेयाबरोबर खाणं आलंच. बुडबुड्यांची वाइन रिकाम्या पोटी लवकर चढते अशी भीती लोक व्यक्त करतात, ती अगदी निराधार नाही. ११ टक्के अल्कोहोल म्हणजे अल्कोहोलच. इटालियन रिवाजाने त्याला खाण्याची सोबत दिली, ती मला शहाणपणाची वाटते.

याच भागात स्प्रिट्झ जन्मला. व्हेनेतोवर ऑस्ट्रियाची सत्ता असताना त्यांच्या लोकांना तिथली वाइन जड वाटे, ते तिच्यात पाणी शिंपडून घ्यायला सांगत. जर्मनमधल्या त्या शिंपडण्यावरून शब्द आला. पुढे १९१९ मध्ये पादुआत बार्बिएरी बंधूंनी केशरी, कडवट-गोड आपेरोल बाजारात आणलं. आज जगभर दिसतो तो ग्लास म्हणजे तीन भाग प्रोसेको, दोन भाग आपेरोल, एक भाग सोडा. आणि १९४८ मध्ये व्हेनिसच्या हॅरीज बारमध्ये जुसेप्पे चिप्रियानी यांनी पांढऱ्या पीच फळाचा गर प्रोसेकोत मिसळून जो गुलाबीसर पेला केला, त्याला त्यांनी चित्रकार बेल्लिनीचं नाव दिलं.

वर्षअखेरीला मात्र सगळ्या इटलीचं ताट एक होतं. ३१ डिसेंबरच्या रात्री मसूर आणि 'कोतेकीनो' म्हणजे डुकराच्या मांसाचा जाड सॉसेज. मसूर नाण्यांसारखी दिसते, जितकी खाल तितका पैसा येईल, असं म्हणतात. बाराच्या ठोक्याला स्पुमान्तेचं बूच निघतं.

या मागणीची किंमत कोण मोजतं?

साठ कोटी बाटल्यांची द्राक्षं कुठूनतरी यावी लागतात. प्रोसेकोच्या प्रदेशात कुरणं, मक्याची शेतं आणि रानं जाऊन द्राक्षमळे आले. हवा दमट असल्यामुळे बुरशी येते, बुरशी आली की फवारणी, आणि मळे घरांच्या, शाळांच्या कुंपणापर्यंत पोचले की फवारणीचा त्रास माणसांना. त्याविरुद्ध तिथल्या रहिवाशांनी मोर्चे काढले आहेत. कोनेल्यानो-वाल्दोब्बियादेनेच्या संरक्षित भागात ग्लायफोसेट या तणनाशकावर बंदी आली. नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात राहणाऱ्याला यातलं काहीच परकं वाटणार नाही.

२०१९ मध्ये या टेकड्या जागतिक वारसा ठरल्या. त्या यादीत जायला कारण झाली ती 'चिल्योनी', म्हणजे उभ्या उतारावर दगडी भिंतींऐवजी गवताने बांधलेल्या मातीच्या पायऱ्या. गवताची मुळं माती धरून ठेवतात. गवत हाताने कापावं लागतं, दर वर्षी, पिढ्यान् पिढ्या. ते कापणारे हात कमी झाले की बांध ढासळतो. स्वस्तात स्वस्त प्रोसेको मागणाऱ्या गिऱ्हाइकाने हा हिशेबही मनात ठेवायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडे मिळते का?

मुंबई, पुणे, गोव्यातल्या मोठ्या दुकानांत मिळते, पण आयात वाइनवर वर्षानुवर्षे १५० टक्के सीमाशुल्क आणि वर राज्याचे कर, त्यामुळे इटलीत रोजच्या जेवणातली बाटली इथे सणावारी आणायची वस्तू होते. आपल्याकडची फेसाळ वाइन काही कालची नाही. १९८० च्या दशकात नारायणगावला ती फ्रेंच तंत्राने बनू लागली, आज नाशिक-दिंडोरी भागात बाटलीत किण्वन करणारे कारखाने आहेत. तिला इटालियन किंवा फ्रेंच नावाची उसनवारी करायची गरज नाही.

उघडताना बूच उडवू नका. बाटली नीट गार करा, तीन-एक तास फ्रिजमध्ये. तारेचा पीळ साधारण सहा अर्ध्या वेढ्यांत सुटतो, तोवर अंगठा बुचावर घट्ट. मग बूच धरून ठेवून दुसऱ्या हाताने बाटली फिरवा. सुस्कारा सोडल्यासारखा आवाज आला की समजा जमलं. आणि शेजारी काहीतरी खायला ठेवा, तळलेलं असेल तर फारच छान. बटाट्याची गरम भजी आणि ब्रूत प्रोसेको, हे मी निःसंकोच सुचवते.

भाचीला मी शेवटी सांगितलं ते मात्र लग्नातल्या झगमगीत बाटलीबद्दल नव्हतं. टाक्या येण्याआधी वाल्दोब्बियादेनेचे शेतकरी फेसाळ वाइन कशी करत, ते सांगितलं. हिवाळ्याच्या थंडीने यीस्ट झोपी जाई, वाइनमध्ये थोडी साखर शिल्लक राही. वसंतात ती तशीच बाटलीत भरायची. ऊब वाढली की यीस्ट जागं होई आणि बाटलीतच बुडबुडे धरत. गाळ कुणी काढत नसे. या वाइनला 'कोल फोन्दो' म्हणतात, तळासकट. आता ती पुन्हा बनू लागली आहे, नियमांतही तिला जागा मिळाली आहे. तिला तारेची जाळी नसते, साधं झाकण असतं. पहिले ग्लास स्वच्छ येतात, शेवटचा गढूळ, पावाच्या वासाचा. काही घरांत बाटली आधीच हलवून सगळ्यांना सारखी गढूळ वाढतात. भाचीने विचारलं, "आणि त्या टेबलावर काय असतं?" मी म्हटलं, "सलामीचे काप, चीज, पाव. सुगीत मळ्यात असतील तर तेही तिथेच, पेटीवर ठेवून."